हाव बिडुगडे

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, के. आर. पुरममधल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये माझ्या 'हाव' या कादंबरीचं प्रकाशन झालं. हॉल भरलेला होता. दारात, खिडक्यांत, जिन्यावर माणसं उभी होती. त्यांतली जवळपास सगळी साप बघायला आली होती.

हे कसं झालं ते क्रमाने सांगते. मी पूर्वी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम. (ही माहिती माझ्याविरुद्ध वापरली जाणार, याची मला कल्पना आहे.) नवऱ्याची, म्हणजे आनंदची, बदली बंगळूरला झाली आणि इथल्या मोकळ्या दुपारी मी कादंबरी लिहिली. काळोखी, अद्भुत, भयंकर. त्यात एक राजा असतो. तो प्रजेच्या सावल्या खातो आणि कितीही खाल्ल्या तरी त्याचं पोट भरत नाही. म्हणून नाव 'हाव'. शेवटी नायिका एका विहिरीत उलटी लटकलेली असते आणि कादंबरी संपते. म्हणजे पहिला भाग संपतो. दुसरा भाग लिहून तयार होता. तो छापायला कोणी तयार नव्हतं.

कारण पहिला भाग खपत नव्हता. मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी थालीपिठाच्या आणि उकडीच्या मोदकांच्या मधे टेबल मांडून बसले. बहुतेकांनी मला "रांग इथूनच का?" एवढंच विचारलं. एका आजोबांनी मात्र थांबून पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठ पूर्ण काळं, त्यावर एक उघडा जबडा.

"दातांवरचं आहे का हो?"

"नाही आजोबा, सावल्या खाणाऱ्या राजाची गोष्ट आहे."

"म्हणजे दातांचंच की!" असं म्हणून त्यांनी पुस्तक खाली ठेवलं आणि ते मोदकांकडे गेले.

त्या पूर्ण उत्सवात मला एकच खरी वाचक भेटली. श्वेता नावाची, नागपूरहून इथे आयटीत आलेली मुलगी. तिने कादंबरी आधीच वाचली होती. "ताई, ते सगळं सोडा," ती म्हणाली. "ती पोरगी विहिरीतून निघते का नाही, तेवढं सांगा!"

"दुसऱ्या भागात कळेल."

"मग दुसरा भाग कधी?"

तेच मी पुढे फेब्रुवारीत पुण्याला माझे प्रकाशक नेर्लेकर यांना फोनवर विचारलं.

"बाई," नेर्लेकर म्हणाले, "बंगळुरात मराठी वाचक असतात, यावर माझा विश्वास नाही. पण या शनिवारी मी भाच्याच्या मुंजीला तिकडे येतोय. पहिल्या भागाचं प्रकाशन राहिलंच आहे, ते तिथे करा. मला हॉल भरलेला दाखवा. दाखवलात, तर दुसरा भाग छापतो. नाही, तर तुमची नायिका आहे तिथे बरी आहे."

मी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात गेले. आमचे मॅनेजर मंजुनाथ अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांना हिंदी बेताचं येतं आणि मला कन्नड मुळीच येत नाही. एक शब्द सोडून. सिनेमाच्या जाहिराती ऐकून ऐकून मला 'बिडुगडे' हा शब्द पाठ झाला होता. सिनेमाचं बिडुगडे, पुस्तकाचं बिडुगडे. प्रदर्शन, प्रकाशन. तो शब्द योग्य जागी वापरायची संधी मी बरेच दिवस शोधत होते.

"मंजुनाथ," मी म्हणाले, "संडे को क्लबहाउस चाहिये. हाव बिडुगडे!"

इथे एक खुलासा आवश्यक आहे. कन्नडमध्ये 'हावु' म्हणजे साप. बोलताना शेवटचा उकार बहुतेक वेळा गिळला जातो. आणि बिडुगडे प्रकाशनाचं होतं, तसंच कैद्याचंही होतं. म्हणजे सुटका. सोडून देणं. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मंजुनाथना चांगलं माहीत होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हावा, मॅडम?"

"हाव."

"क्लबहाउस में?"

"हो, एसी है ना वहाँ."

"दोड्डदा? बडा है?"

"बहुत बडा!" मी अभिमानाने म्हणाले. (चारशे पानं म्हणजे काही थोडी नाहीत.) "और ये तो पहला है. दुसरा भी रेडी है."

"कलर?"

"पूरा काला."

मंजुनाथ पाणी प्याले. "अभी किधर है, मॅडम?"

"घर में. बेड के नीचे, खोके में. पन्नास, फिफ्टी!"

"अय्यो! सर को... सर को प्रॉब्लेम नहीं?"

"पहले था. अब आदत हो गयी."

"संडे के बाद, ये फिफ्टी... किधर जायेंगे?"

"लोग अपने अपने घर ले जायेंगे," मी म्हणाले. "मेरी तो यही इच्छा है."

मंजुनाथनी पेन परत उचललं आणि रविवारची नोंद केली. मग "सरी, मॅडम", म्हणजे ठीक आहे, असं म्हणाले आणि मी गेल्यावर (हे नंतर कळलं) त्यांनी पहिला फोन एका सर्पमित्राला केला. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सुबक कन्नडमध्ये सूचना लागली. मला तिच्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण अक्षर वळणदार होतं आणि खाली दोन उद्गारचिन्हं होती. मी फळ्याशेजारी उभी राहून फोटो काढला आणि नेर्लेकरांना पाठवला.

त्या आठवड्यात सोसायटीत माझी पत एकदम वाढली. लिफ्टमध्ये मी शिरले की लोक भिंतीला पाठ लावून मला जागा द्यायचे. वॉचमन लांबून सलाम करायचा, जवळ यायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या पद्मा अक्का, निवृत्त शिक्षिका, एरवी नुसत्या हसायच्या. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून हिंदीत विचारलं, "रात को डर नहीं लगता?"

"रात को ही तो मजा आता है, अक्का! लाइट बंद करके, बिस्तर में!"

अक्का तिसऱ्या मजल्यावर उतरल्या. त्या दुसऱ्यावर राहतात.

सावध करणारी एक व्यक्ती होती. आनंदची सुधाकाकू. ती बंगळुरातच, बनशंकरीला राहते. तिचं माहेर-सासर दोन्ही इथलंच, मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की तिला स्वतःला सीमा दिसत नाही. पुस्तक छापायला जायच्या आधीच तिचा फोन आला होता. "अगं मंजिरी, नाव स्वल्प बदल की! इकडची माणसं भिऊन पळतील बघ."

"काकू," मी गहिवरून म्हणाले होते, "तोच तर उद्देश आहे!"

"मग सरी," काकू म्हणाली आणि तिने ऊट, म्हणजे जेवण, झालं का ते विचारलं.

रविवार उजाडला. प्रकाशनाच्या तासभर आधीच हॉल भरायला लागला. पहिल्या तीन रांगा मोकळ्या आणि मागे ही गर्दी! इथे तरी मला शंका यायला हवी होती. पण मी मराठी साहित्यिक कार्यक्रमांत वाढलेली. पुढच्या रांगा रिकाम्या असणं मला शुभ वाटलं. फक्त मागची मंडळी खुर्च्यांवर बसलेली नव्हती, खुर्च्यांवर उभी होती. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या आणि त्यांच्या हातांत हळद-कुंकवाची ताटं आणि दुधाचे पेले होते.

नेर्लेकर आले आणि दारातच थबकले.

"हे सगळे वाचक?"

"बघा तुम्हीच," मी म्हणाले.

"आणि हे दूध?"

मला काहीच कल्पना नव्हती. पण बारा वर्षांच्या पत्रकारितेत मी एक शिकले होते. माहिती नसेल, तर आवाज ठाम ठेवायचा. "इकडे पुस्तकाची पूजा करतात," मी म्हणाले. "सरस्वती."

नेर्लेकरांनी चष्मा काढून पुसला. "पुण्यात आपण चिवडा ठेवतो, तरी कोणी येत नाही," ते म्हणाले.

एवढ्यात गर्दी दुभंगली आणि गुडघ्यापर्यंत बूट, जाड हातमोजे, कमरेला गोणपाटाची पिशवी आणि हातात लांब आकड्याची काठी असा एक धिप्पाड माणूस आत आला. माझ्या कादंबरीत विहिरीचा पहारेकरी आहे. तो असेच बूट घालतो आणि त्याच्याकडे असाच आकडा आहे! परदेशात वाचक पात्रांसारखे कपडे घालून लेखकांना भेटायला येतात, हे मी वाचलं होतं. माझ्या वाट्याला हे कधी येईल असं वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी त्याच्याबरोबर सेल्फी काढला.

"आनंद, अरे बघ! पहारेकरी!"

"अगं, याला मराठी येतं का पण?" आनंदने विचारलं.

"मॅडम," तो माणूस हळूच म्हणाला, "बॉक्स किधर?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे पन्नास प्रतींचं खोकं लाल कापडात बांधून ठेवलं होतं. तो खोक्याच्या एका बाजूला पाय रोवून उभा राहिला आणि त्याने लोकांना हाताने मागे रेटलं. लोक आनंदाने मागे सरले. इतकी शिस्त मी कुठल्याही प्रकाशनात पाहिलेली नाही.

"आता," मी माइकवर म्हणाले, "आपले प्रमुख पाहुणे श्री. नेर्लेकर हाव बिडुगडे करतील!"

नेर्लेकर पुढे झाले. धोतर, जाकीट, हात मोकळे. त्यांनी कापडाच्या गाठीला हात घातला तशी मागून एक बाई किंचाळली. कोणीतरी "अप्पा, बेडा!" म्हणून ओरडलं, म्हणजे नको, नको. पहारेकऱ्याने त्यांचा दंड धरला. नेर्लेकरांनी तो सोडवून घेतला, मान ताठ केली आणि उजवा हात खोक्यात कोपरापर्यंत घातला. दोनशे माणसांनी श्वास रोखला. असा, की मला एसीचा आवाज ऐकू आला.

आमच्या पुस्तकाला वाचनखूण म्हणून काळी रेशमी फीत आहे. ही कल्पना माझी. नेर्लेकरांनी पुस्तक उचललं, ते निसटलं, खोक्याच्या कडेवर आपटलं आणि आतून आधी ती फीत वळवळत बाहेर आली.

पुढचं सगळं एकदम घडलं. मागच्या रांगा दारातून गेल्या, मधल्या खिडक्यांतून व्हरांड्यात. दूध उडालं. ताटं पडली. मंजुनाथ टेबलावर चढले, आनंद मंजुनाथवर. "आंटी, फिफ्टी हैं, फिफ्टी!" असं एक मूल आनंदाने ओरडत होतं. आणि पहारेकऱ्याने विजेच्या वेगाने आकडा टाकून फितीची मान अचूक दाबली, दुसऱ्या हाताने शेपूट धरली आणि तिला वर उचललं. फितीला चारशे पानं लटकत होती.

"मॅडम," तो अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "पुस्तका!"

"हो," मी म्हणाले. "मग काय?"

याच क्षणी दारात सुधाकाकू आली. केसांत मोगरा, हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. तिने लिफ्टपाशी सूचना वाचली होती आणि वर येईपर्यंत हसून तिचा पदर डोळ्यांना लागला होता. तिने आधी कन्नडमध्ये सगळ्यांना काय ते सांगितलं. खिडक्यांबाहेर हास्याचा स्फोट झाला. मग तिने आम्हाला मराठीत सांगितलं. आम्ही हसलो नाही.

"म्हणजे," नेर्लेकर सावकाश म्हणाले, "ही माणसं साप बघायला आली होती?"

"हो ना अण्णा!" काकू म्हणाली. "आणि तुम्ही मोकळ्या हातानं काढायला गेलात! बाहेर तुमचंच नाव चाललंय."

मी दुसऱ्या भागाचा विचार मनातून काढून टाकला. नेर्लेकर मात्र दाराकडे बघत होते. माणसं हळूहळू परत आत येत होती. पद्मा अक्का सगळ्यांत पुढे. त्यांनी पेल्यात उरलेल्या दुधाचे दोन थेंब 'हाव'वर शिंपडले, उघड्या जबड्याला कुंकू लावलं आणि मग नेर्लेकरांना वाकून नमस्कार केला. त्यांच्यामागे रांग लागली. पहारेकऱ्याने (तो सर्पमित्र आणि त्याचं नाव लोकेश, हे तेव्हा कळलं) हातमोजा काढून नेर्लेकरांशी हस्तांदोलन केलं. "सर को डर नहीं," त्याने जाहीर केलं. तिघांनी नेर्लेकरांबरोबर फोटो काढले. माझ्याबरोबर कोणी काढला नाही.

"बाई," रांग संपल्यावर नेर्लेकर म्हणाले, "मी काय म्हणालो होतो? हॉल भरलेला दाखवा. कशासाठी भरलेला, ते मी बोललो नव्हतो."

"नाही."

"इतकी वर्षं प्रकाशनं करतोय. मी पुस्तक उघडताना कोणी श्वास रोखलेला नाही." त्यांनी जाकीट सारखं केलं. "छापू दुसरा."

खाली उतरल्यावर पोहण्याच्या तलावापाशी श्वेता भेटली. ती व्हाइटफील्डहून वेळेवर आली होती. गर्दीमुळे तिला आत शिरता आलं नव्हतं.

दुसरा भाग नोव्हेंबरमध्ये निघाला. त्याचं प्रकाशन पुण्यात झालं. निमंत्रणाचा मजकूर शुद्ध मराठीत मी स्वतः लिहिला होता आणि तीन जणांकडून तपासून घेतला होता. उपस्थिती नऊ. त्यात मी धरलेली आहे.