पडद्यावरचा देव

सांगलीत माझी नोकरी वाचवली ती कराडला कॉम्प्युटर शिकणाऱ्या एका मुलीनं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

नववीतून शाळा सोडून मी नांदेडहून इथं आलो होतो, लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात. कॉम्प्युटर इतका मंद, की एक ओळ उमटेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येई. मालकांनी बजावलं होतं, "आज पत्रिका निघाल्या नाहीत, तर गाव गाठ."

ती भावाच्या लग्नाची पत्रिका छापायला आली होती. चपला बाहेर काढून आत आली आणि कॉम्प्युटरच्या डब्याला तिनं कानच लावला. "लय धापा टाकतंय रं हे."

पडद्यावर मालकांच्या कुलदैवताचा मोठा रंगीत फोटो होता, खाली हलत्या ज्योतीची समई. "मेमरी सगळी ह्यांनीच खाल्लीया," म्हणत तिनं ओढणीला बोटं पुसली आणि दोन्ही काढून टाकलं. अक्षरं पळायला लागली.

तेवढ्यात मालक आले. "देव कुणी काढला?" ती पुढं झाली.

"मी काढला. त्याला काय बोलू नका. आवं, मशीनला देव कळत न्हाई, ओझं कळतंय."

मालकांनी तिच्या पत्रिकेवरचं बुद्धाचं चित्र पाहिलं आणि कागद परत सरकवला. "तरीच. दुसरीकडं छापा."

तिनं कागदाची नीट घडी घातली आणि निघून गेली. फोटो मात्र मालकांनी परत लावला नाही. वेग त्यांना हवाच होता. मीही राहिलो.

कधीतरी माझं स्वतःचं दुकान होईल. तेव्हा कराडात तिला शोधीन आणि तिच्या घरची पत्रिका, वर बुद्ध ठेवून, माझ्या हातानं छापीन.