न घेतलेल्या फ्रिजचं कर्ज

भाड्याच्या घरात पदरमोड करून कुणी फरशी बसवत नाही. मिस्त्रींनी बसवली. दोन खोल्या, उतार बरोबर मोरीकडे, सांधे दोरी धरल्यासारखे सरळ. चौतीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाखालचा उखडलेला कोबा बघवत नव्हता. अकरा वर्षांनी मालकाने त्या खोल्या विकायला काढल्या.

"आधी तुम्हाला विचारतोय," मालक म्हणाला. "तीन महिने थांबतो. मग दुसऱ्याला देणार."

बँकेतल्या मॅडमनी कागद पाहिले, कॉम्प्युटर पाहिला.

"काका, तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकी दिसतेय. तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर फ्रिज घेतलात, एकही हप्ता भरला नाही. कर्जाच्या कंपनीने वसुलीला दिलंय. हे तिथे असेपर्यंत घराचं कर्ज व्हायचं नाही."

मिस्त्रींना तो फ्रिज आठवला. न घेतलेला. कागदपत्रं घेऊन ते दुकानात गेले होते. तिथे हप्त्याच्या कर्जासाठी बोट यंत्रावर ठेवायचं होतं. सिमेंटने आणि घासण्याने बोटांवरच्या रेघा कधीच गेलेल्या. दहाही बोटं ठेवून झाली, यंत्र काही घेईना.

"मिस्त्री, तुम्ही चोरी केलीत तर पोलिसांना ठसा मिळायचा नाही," दुकानदार म्हणाला. सगळे हसले, तेही हसले आणि हात हलवत घरी आले. वर्षभर साठवून त्यांनी दुसरीकडून रोखीने फ्रिज आणला. चूक एकच झाली, कागदांच्या प्रती पहिल्या दुकानात राहिल्या. तसं पाहिलं तर दोन. वसुलीचे फोन यायचे, तेव्हा ते "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायचे.

मुलीने मोबाइलवरून रिपोर्टवाल्यांकडे तक्रार टाकली. एकच ओळ: हे कर्ज माझं नाही. तीस दिवसांनी उत्तर आलं, तेही एका ओळीचं: कंपनीच्या म्हणण्यानुसार माहिती बरोबर आहे. तीनातला एक महिना गेला.

"अहो, भरून टाका," बायको म्हणाली. "नसती ब्याद. घर हातचं जाईल."

मेहुणा जेवायला आला होता. "भावोजी, पैसे भरा आणि फ्रिज मागून घ्या. मला द्या, माझा आवाज फार करतो."

त्याच आठवड्यात वसुलीवाला दारात आला. तरुण, घामाघूम. मिस्त्रींनी त्याला आत बसवून पाणी दिलं.

"काका, अर्धे भरा. आजच मिटवून टाकू."

"मग रिपोर्टमधून जाईल?"

"जाणार नाही. तिथे 'सेटल' असं येईल."

"म्हणजे मी बुडवले आणि अर्ध्यात मिटवले."

"तसं कोण वाचतंय?"

"बँक वाचते." मिस्त्रींनी पेला उचलून ठेवला. "बरं, फ्रिजचा रंग कुठला होता?"

त्याने कागद चाळले. "ते नाही लिहिलेलं."

"मला पण माहीत नाही. मग आपण दोघं सारखेच."

तो हसला, पण जाताना पुन्हा येईन म्हणाला. बायकोने भांडी जरा जोरात घासली.

मिस्त्री बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. फरशी खराब झाली एवढंच सांगून गिऱ्हाईक बोलावतं, पण तेवढ्याने काम होत नाही. हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवायची, पोकळ आवाज येईल तिच्यावर खडूने खूण करायची आणि तेवढीच उचलायची. वरून सांधे भरून भागत नाही. आपली तक्रार गिऱ्हाइकासारखी झाली, हे त्यांच्या लक्षात आलं.

"लिही," ते मुलीला म्हणाले. "ठसा कुठल्या बोटाचा घेतला? फ्रिज कुठल्या पत्त्यावर पोचवला? पावतीवर सही कुणाची? फ्रिजचा नंबर काय? कागद दाखवा, नाहीतर नोंद काढा."

"बाबा, थोडं विनंतीचं लिहू?"

"शेवटी लिही. वर नको."

तक्रार मोबाइलवरून गेली, पण तेवढ्यावर ते विसंबून राहिले नाहीत. तोच कागद घेऊन ते कर्जाच्या कंपनीत गेले. पहिल्या दिवशी साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेला वसुलीच्या ऑफिसात जा म्हणाले, तिथून पुन्हा कंपनीत पाठवलं. चौथ्या खेपेला ते सकाळी दार उघडायच्या आधी उभे राहिले आणि प्रतीवर पोच घेऊनच हलले. एक खेप म्हणजे एक रोज बुडाला. आवाज त्यांनी एकदाही चढवला नाही. काम करणाऱ्या माणसाशी भांडून काम पुढे जात नाही, हा त्यांचा अनुभव होता.

सव्विसाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. ठसा जुळल्याची नोंद नव्हती. मोबाइलवर कोड मागवून कर्ज मंजूर केलेलं, तो नंबर मिस्त्रींचा नव्हता. फ्रिज पोचवला तो पत्ताही त्यांचा नव्हता. खाली लिहिलं होतं: खाते बंद करण्यात येत आहे.

बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. मिस्त्रींनी पत्र पुन्हा वाचलं.

"बंद म्हणजे कर्ज होतं, असं झालं," ते म्हणाले आणि चप्पल घातली.

त्यासाठी आणखी तीन खेपा. मग नोंद निघाली. मुलीने नवा रिपोर्ट उघडला, मिस्त्रींनी तो शेवटच्या ओळीपर्यंत तिच्याकडून वाचून घेतला. फ्रिज कुठेच नव्हता.

बँकेने कर्ज मंजूर केलं तेव्हा मालकाच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. मिस्त्री मंजुरीचं पत्र घेऊन गेले. मालकाने चष्मा लावून ते वाचलं.

"दुसरं गिऱ्हाईक उद्या येणार होतं," तो म्हणाला. "त्याला नको म्हणून कळवतो."

घरी आल्यावर बायकोने चहा ठेवला. "मीच भरा म्हणत होते," ती म्हणाली.

"घर जाईल म्हणून म्हणालीस. मलाही तीच धास्ती होती."

"आता झालं ना आपलं?"

"पंधरा वर्षांचे हप्ते आहेत. आणि सात रोज बुडालेत." त्यांनी कप खाली ठेवला आणि पलीकडच्या रस्त्यावर ज्याचं काम चालू होतं त्या ठेकेदाराला फोन लावला. "रविवारी पण कामाला येतो."