परसों बोललेली गोष्ट

नल्लकुंट्यात आमच्या समोर राहणारा हा गृहस्थ पक्का हैदराबादी. कधीही घडलेली गोष्ट त्याच्या तोंडी ‘परसों’च घडते. लग्न परसों झालं, वडील परसों गेले.

“मला श्वासाची नळी घालू नका, हे वकिलाकडून लिहून घे,” असं त्याची आई माझ्यादेखत कितीदा म्हणाली. “काइकू अशुभ बोलती, अम्मा?” म्हणत हा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

आईला आयसीयूत ठेवलं आणि डॉक्टरांनी नळीचं विचारलं, तेव्हा मात्र रडत म्हणाला, “परसोंच बोलली ना, नळी नको!”

डॉक्टर बाहेरगावचे. “परवा? त्या तर आठवडाभर बेशुद्ध आहेत.”

मी खरं सांगू लागले, पण शेजारणीचं कोण ऐकतं? लेखी काहीच नव्हतं. नळी घातली.

काल दारात येऊन म्हणतो, “वैनी, तुम्ही तरी लिहून घ्यायचं ना!”

मी त्याच्या तोंडावर दार आपटलं.