नळी लावून चहा पिणारी डॉक्टर

वसुधा गेल्याचा फोन आला, तेव्हा सोनईच्या घरी तात्या दुधात भाकरी कुस्करत बसले होते. तात्या माझे चुलते. डॉ. वसुधा माझी शाळेतली मैत्रीण आणि त्यांच्या अन्ननलिकेवर उपचार करणारी डॉक्टर. ती पुण्यात न्यूमोनियाने गेली. तात्यांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

श्रीरामपूरला तिचं छोटं रुग्णालय होतं. गुंगीचं इंजेक्शन देऊन तोंडावाटे दुर्बीण पोटापर्यंत घालायची, हे तिचं रोजचं काम. गुंगीत श्वास मंदावतो, म्हणून त्याआधीच ती प्रत्येकाच्या नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावायची, धडधाकट माणसालाही. वाद व्हायचे ते या नळीवरून. आमच्याकडे ‘ऑक्सिजन लावला’ एवढं कानावर आलं की भावकी टेम्पो काढून निघते, लेकीबाळींना निरोप जातात. करोनानंतर तर तो शब्दच घरात कुणाला नको असतो.

दोन घास गिळले की तात्यांच्या छातीत तिसरा अडकायचा. अंगावरचा सदरा सैल होत चालला होता. कॅन्सर असेल, हे घरात प्रत्येकाच्या मनात होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तपासणीच्या सकाळी सिस्टरने नळी आणली आणि तात्या खाटेवरून उतरून चपला शोधू लागले.

“तुझ्या काकूला हीच लावली हुती,” ते मला म्हणाले. “ती घरी आली न्हाई.”

काकू करोनात गेल्या होत्या. वसुधाने समजूत घातली नाही. तिने दुसऱ्या नळीचं पाकीट फोडून ती स्वतःच्या नाकाला लावली, ऑक्सिजन सुरू केला आणि स्टुलावर बसून चहा मागवला.

“उपाशी मानसापुढं चहा पिता व्हय, बाई?”

“तुम्ही चपला घालून घरीच निघालात ना, तात्या? मग तुम्हाला काय त्याचं?”

“लई आगाऊ हायेत ह्या,” तात्या माझ्याकडे बघून म्हणाले. पण नजर तिच्या नाकावरून हलत नव्हती. चहा संपला. वसुधा म्हणाली, “काकूंना श्वास पुरत नव्हता, म्हणून लावली होती. तुमचा पुरतोय. तुम्हाला मी झोपवणार आहे, झोपेत श्वास कमी पडू नये म्हणून लावतेय. उठलात की काढायची.”

तात्या परत खाटेवर आडवे झाले. कॅन्सर नव्हता. ॲसिडमुळे अन्ननलिका आकसली होती. ती तिथल्या तिथे रुंद केली गेली. अधूनमधून पुन्हा करावं लागेल, असं तिने सांगितलं. दर खेपेला ती नळी लावून बसायची, दर खेपेला दोघांचं चहावरून भांडण व्हायचं. पुढे पुढे त्या भांडणासाठीच तात्या आनंदाने जायचे की काय, असं वाटे.

यंदाची खेप आली, तेव्हा ती नव्हती. घास पुन्हा अडकू लागला होता, तरी तात्या तारखेचं नाव काढेनात. एका दुपारी ओसरीवर त्यांनी विचारलंच.

“बाईला शेवटी ऑक्सिजन लावला हुता का?”

“हो.”

“तिलाबी पुरत नसंल,” गोठ्याकडे बघत ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात ते स्वतःच म्हणाले, “चल.” तीच खोली, नवे डॉक्टर. ते तरुण आहेत, नेमके आहेत, मोजकं बोलतात. तात्यांनी निमूटपणे नाक पुढे केलं. स्टुलावर कुणी बसलं नाही. चहा आला नाही.

तपासणीनंतर हाक मारून उठवलं, नळी काढली, तरी तात्या अजून गुंगीत पडले होते. शेजारच्या खाटेवर जामखेडकडची एक बाई होती. सिस्टर नळी घेऊन येताच ती रडू लागली. तिच्या मुलाने गावी कळवायला खिशातून मोबाईल काढला. तात्यांनी अर्धवट डोळे उघडले. जीभ जड होती, तरी शब्द कळत होते.

“रडू नका, बाई. झोपंत श्वास कमी पडू नये म्हनून लावत्यात. आन् काढूनबी टाकत्यात.” त्यांनी हात उचलून स्वतःच्या नाकावरून फिरवला. “माझी काढली बघा.”