ठमाबाईचं घर

आमच्या गावात सगळं घरटी एक चालतं. वर्गणी असो, नाला साफ करणं असो, भंडाऱ्याची पंगत असो, घरटी एक माणूस. ठमाबाईचं घर मात्र कुणी धरतच नसे. नवऱ्यानं दुसरी आणली तशी ती त्याच्या दारातून निघाली आणि माहेरीही गेली नाही. कोरपन्याच्या वाटेला आमच्या गावाचा माळ लागतो, तिथं कुडाचं घर बांधून तिनं शेळ्या पाळल्या. बाप नाही, नवरा नाही, पोरगा नाही, मग ते घर कसलं, हा गावाचा न्याय! कोतवाल मुखरू निरोप सांगत यायचा तो माझ्या दारापर्यंत. पुढे फक्त तिचं घर, म्हणून तो मागे फिरायचा.

तिला त्याचं काही नाही, असं लोक खुशाल म्हणत. साफ खोटं. मी तिची शेजारीण, मला विचारा. भंडाऱ्याच्या दिवशी ती अंगण सारवून, केस विंचरून दारात बसायची. मुखरू वळला की शेळ्यांना अशा शिव्या हासडायची की माझा जीव घरात ठरत नसे.

यंदा माळावर लांडगीण व्याली. आज याची शेळी गेली, उद्या त्याची. ठमाबाईची मात्र एकही नाही, यावरूनही कुजबुज झालीच. ती लांडगिणीला दुरून बघत बसे. एकदा मला म्हणाली, "पाह्य व, कशी चालून राह्यली. कोनाले इचारनं नाई, काई नाई." मला तर माहेरी जायलाही चार जणांना विचारावं लागतं.

देवळाच्या कमिटीचे सोमाजी, त्यांनी बैठक घेतली. रांग धरून डबे बडवायचे आणि लांडगे माळावरून उठवायचे. मारायचं नाही, नुसतं हाकलायचं, असं ठरवून सगळ्यांनी कुऱ्हाडींना धार लावली. पण तरणी माणसं सिमेंट फॅक्टरीत ड्यूटीवर, रांग पुरेना. तेव्हा मुखरू पहिल्यांदा माझं दार ओलांडून पुढे गेला.

"ठमाबाई, घरटी एक मानूस पाह्यजे. तुमी येजा."

"माह्या घरचं?"

"हो बाप्पा. संध्याकाळी भंडारा हाय, पंगतीले बसजा."

तिनं पेटीतलं लुगडं काढलं. मलाच रडू आलं.

सकाळी रांग लागली. तिला अगदी कडेला, नाल्यापाशी उभं केलं, तिच्या शेजारी मला. डबे वाजू लागले आणि लांडगीण तोंडात एक पिल्लू धरून झुडपातून निघाली. मागे दोन पिल्लं धडपडत होती. ती सरळ आमच्याच अंगावर आली.

"ठमाबाई, वाजवा! वाजवा ना!" सोमाजी ओरडले.

ठमाबाईचा हात वर होता. त्या हातात तिची पंगत होती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिनं डबा हळूच खाली ठेवला, लुगडं सावरलं आणि बाजूला झाली. देवळात लेकुरवाळीला वाट द्यावी, तशी. लांडगिणीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिल्लांसकट नाल्यात उतरली आणि दिसेनाशी झाली.

संध्याकाळी ठमाबाई त्याच लुगड्यात आली आणि पंगतीत बसली. वाढपी आला, मला वाढलं, तिला सोडून पुढच्या बाईला वाढलं. "घरं मोजून सयपाक केला बाप्पा," सोमाजी मोठ्यानं बोलले. तिनं कोरडी पत्रावळ घडी केली आणि उठून गेली. मेल्यांनो, एक पळीभर वरण!

कापूस वेचायला आला तशी लांडगीण माळावर परतली. एका सकाळी ठमाबाईचा आरडाओरडा ऐकून मी धावले. तिची बकरी गेली होती, तीही गाभण. माळाकडे तोंड करून ती लांडगिणीचा मुडदा बसवत होती.

"बाई, तवा डबा वाजवला असता तं बरं झालं असतं, नाई का?" मी विचारलं.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"साऱ्याइच्या घरची नेली होती तिनं, घरटी एक," ती म्हणाली. "माहीच राह्यली होती. गावानं नाई धरलं व माहं घर. तिनं धरलं."