काजळीची पारडी

रविवारी सकाळी माण गावाहून स्कूटर काढली, तेव्हा म्हशीला शिंगं असतात यापलीकडे मला म्हशीबद्दल काही ठाऊक नव्हतं. पण घरमालक तात्यांनी ठरवून टाकलं होतं. "तू कंप्युटरवाली. रिह्यात माझी बहीण हाय, तिच्या म्हशीचा कागुद वाचून दाव. तिला काय उमगंना." तात्यांच्या जुन्या गोठ्याच्या जागेवर आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत. नाही म्हणायची सोय नव्हती.

घोटावड्यापुढे मोबाइलच्या नकाशाने मला एका फार्महाउसच्या फाटकाशी नेऊन सोडलं. "मॅडम, गाव तो पीछे छूट गया," रखवालदार म्हणाला. मागे फिरले. कापणी झालेली भातखाचरं, त्यांच्यामधून जाणारे सगळे रस्ते सारखेच. दोनदा विचारत विचारत तात्यांच्या बहिणीच्या, अक्कांच्या अंगणात पोचले, तोवर ऊन चांगलंच चढलं होतं.

अक्कांनी आधी पाणी दिलं, मग खरवसाची भली मोठी वाटी. "खा पोरी. पारडी झालीया." पारडी म्हणजे म्हशीचं मादी वासरू, हे मला तिथेच कळलं.

खाता खाता हकिगत कळली. काजळी या म्हशीची पणजी अक्कांनी तात्यांच्या गोठ्यातून आंदण (लग्नात लेकीला दिलेलं जनावर) म्हणून आणली होती. रंजनाच्या, म्हणजे लेकीच्या लग्नात अक्कांनी शब्द दिला, काजळीची पारडी तुझी. त्यानंतर काजळीला तीन वेळा रेडेच झाले. आता ती म्हातारी झाली, हे शेवटचंच वेत. आणि नेमकी पारडी झाली. अक्का नुसत्या हसत होत्या.

मी पारडीच्या नोंदीचा कागद उलगडला. आईच्या रकान्यातला नंबर काजळीच्या कानातल्या बिल्ल्याशी जुळेना. तीन वेळा वाकून पाहिलं, तिसऱ्या वेळी काजळीने शेपटीने माझ्या ओढणीवर शेण उडवलं. छपाईची चूक असेल म्हणून कागदावरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

डॉक्टर शांतपणे सांगत गेले. चूक नव्हती. एका जातिवंत पंढरपुरी म्हशीचं स्त्रीबीज काढलं, प्रयोगशाळेत त्याचा गर्भ तयार केला आणि तो काजळीच्या पोटात ठेवला. सही घेताना सांगितलं होतं.

"म्हंजी हिची न्हाई?" अक्कांनी विचारलं.

"दहा महिने पोटात हिनंच वाढवली, अक्का. पण वाण दुसऱ्या म्हशीचं. दूध भरपूर देईल."

"दर येळी डॉक्टर येतो, म्हस भरवून गाभण करून जातो. ह्या येळीबी तसंच वाटलं मला." मग अक्का फोनकडे झुकल्या. "मंग हिचं बीज काढा की. हिची पारडी करा."

"जास्त दुधाच्या म्हशींचंच घेतात, अक्का. काजळी त्यात बसत नाही."

मला फार वाईट वाटलं, आणि कुणावर रागवावं तेही कळेना. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. समोर काजळी पारडीला जिभेने चाटत होती, पारडी तिला ढुशा देत पीत होती. मग आई कोण? कागदावर एक, गोठ्यात दुसरी.

अक्कांनी माझ्याच फोनवरून रंजनाला लावायला सांगितलं. "पारडी झाली गं. पर आपल्या काजळीची न्हाई. लई दुधाची हाय म्हनत्यात. नेतीस का?"

रंजनाने दोन-तीनदा खोदून विचारलं. मग म्हणाली, "पारडी तुला ऱ्हाऊ दे. दूध आटलं की काजळीच दे मला."

"म्हातारी म्हस घिऊन काय करशील?"

"आंदण हाय ना ती."

अक्कांनी पदराने डोळे टिपले आणि काजळीच्या पाठीवर हात ठेवला.

परतीला रस्ता एकदाही चुकले नाही. तात्या माणला दारातच उभे होते. "उमगलं का तिला?"

"त्यांना उमगलं," मी म्हणाले. "मला नाही."