फळीवरचं शेवटचं कलम

डोंगराच्या माथ्यावर, जिथे वाट संपते आणि घारींचं राज्य सुरू होतं, तिथे आमच्या गावाचं कोठार आहे. चार मजले आणि एकच दार. आत प्रत्येक घराची एक खोली, आणि खोलीची किल्ली त्या त्या घराकडे. मोठ्या दाराची किल्ली मात्र एकाच माणसाकडे. हातभर लांब, लाकडाची, दातांच्या जागी खिळे ठोकलेली. ती किल्ली चाळीस वर्षं इद्दर ऊहम्मूच्या खांद्यावर होती.

इद्दर वाळक्या बदामाच्या झाडासारखा दिसायचा. उंच, काटक, थोडासा वाकलेला. त्याला अक्षर येत नव्हतं, पण कोठाराचा कायदा लिहिलेल्या अकरा लाकडी फळ्या तोंडपाठ होत्या. जव चोरला तर काय दंड, मध चोरला तर काय, कोठाराच्या मांजराला दगड मारला तर काय, हे तो झोपेतही सांगू शकला असता. एक नियम तर त्याच्या हाडात मुरला होता. दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हायची. म्हातारा असो, मुल्ला असो, बाह्या झटकूनच बाहेर पडायचं. आत एकटा असला तरी इद्दर स्वतःच्या बाह्या झटकूनच उंबरा ओलांडायचा. बायको अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा तो दार लावून, किल्ली जमातीच्या प्रमुखाच्या, हाज्ज वाहमानच्या, हातात देऊन मगच घरी गेला. तोवर ती गेली होती.

दाराशेजारच्या त्याच्या खोलीत एक पेटारा होता. त्यात वेळूच्या तीनशे बारा नळ्या, तोंडाला मेण लावलेल्या. नळ्यांत गावाचे कागद होते. पाण्याच्या पाळ्या, सोयरिकी, वाटण्या, विंचवावरचं औषध, कुठल्या घळीत कुठलं मूळ मिळतं त्याची खूण. नळीवरच्या खाचा चाचपून इद्दर सांगायचा की ही अमक्या घराची.

एका वसंतात शहरातल्या कुठल्याशा संस्थेचे उस्ताद नबील आले. मोठे अदबशीर गृहस्थ. इद्दरच्या अंगणात बसून त्यांनी जवाची भाकरी बदामाच्या चटणीत बुडवून खाल्ली, चहाचे तीन पेले घेतले आणि मग विषय काढला. ते म्हणाले, कागदांना वाळवी लागते, आग लागते, पण कॅमेऱ्याने चित्र काढून ठेवलं तर ते राहतं. बोलणं खोटं नव्हतं. आदल्याच वर्षी दोन नळ्यांत नुसता भुगा निघाला होता. इद्दर हाज्जकडे गेला. हाज्ज म्हणाला, राखणदार तू आहेस, तूच ठरव. इद्दरने मनातल्या मनात अकरा फळ्या वरपासून खालपर्यंत म्हटल्या. उचलण्याला दंड होता, सांडण्याला होता, फोडण्याला होता. बघण्याला कुठेच नव्हता. आणि पाहुणा तर दारात उभा.

तीन दिवस उस्ताद चित्रं काढत होते. इद्दर एकेक नळी उघडी, कागद पसरी, परत गुंडाळी, मेण लावी. एक चिटोराही इकडचा तिकडे झाला नाही. निघताना त्याने उस्तादांची पिशवी दोनदा झाडली. चार खजूर निघाले, ते त्यांचेच होते. बाह्या झटकायला लावल्या. उस्ताद हसले आणि गळ्यातला कॅमेरा सांभाळत उतार उतरून गेले.

दोन वर्षांनी पलीकडच्या घळीत एक जीप आली. अनोळखी माणसं कुणालाही न विचारता सरळ त्या कड्यापाशी गेली, जिथे आमची म्हातारी माणसं सात वर्षांतून एकदा मूळ काढतात आणि अर्धं जमिनीत ठेवतात. त्यांनी अर्धं ठेवलं नाही. मेंढ्या चारणाऱ्या बायांनी विचारलं तेव्हा एकाने फोन पुढे केला. म्हणाला, वाट यात लिहिलेली आहे.

इद्दरची पुतणी तुदा खाली सपाटीवरच्या शाळेत शिकवते. सुट्टीत ती आली, तिने फोनवर उस्तादांच्या संस्थेचं पान शोधलं आणि काकांच्या शेजारी उंबऱ्यावर बसून एकेक कागद दाखवू लागली. खाली लिहिलं होतं की हे सर्वांसाठी खुलं आहे, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं.

"तीन खाचांची नळी आहे का त्यात? एझाच्या घराची?"

तुदाने बोट सरकवलं. "आहे काका."

इद्दरने डोळे मिटले.

एझाच्या घराचा कागद सहा पिढ्यांत कुणी मोठ्याने वाचला नव्हता. तिच्या सासरचा मूळपुरुष रक्त सांडून पळालेला, आमच्या वेशीवर रिवाजाप्रमाणे बैल कापून आसरा मागणारा. गावाने आसरा दिला, कागद केला आणि शपथ घेतली की ही गोष्ट पुन्हा कुणी बोलायची नाही. आणि या उन्हाळ्यात खळ्यावर, जवाच्या मापावरून शब्दाला शब्द वाढला तेव्हा, शेजारगावच्या एकाने एझाच्या मुलाला, मुबारकला, सर्वांसमोर म्हटलं, "मापाचं तू मला शिकवतोस? तुझा मूळपुरुष आमच्या डोंगरात कसा आला ते फोनमध्ये वाचलंय मी." मुबारक हातातलं दाताळं खाली ठेवून घरी गेला होता. त्यानंतर तो खळ्यावर आलाच नाही. फोनमध्ये म्हणजे काय, ते इद्दरला आत्ता कळलं.

शुक्रवारी नमाजानंतर जमात, म्हणजे सगळ्या घरांची पंचायत, बसली. तुदाने संस्थेला पत्र लिहायची तयारी ठेवली होती, पण पत्रात म्हणायचं काय, यावरच घोडं अडलं. हाज्ज वाहमानचं म्हणणं, चोरी म्हणायची तर माल गेलेला दाखवा. नळ्या जागच्या जागी आहेत. कुणीतरी मागून म्हणालं, "बघितल्याने जव कमी होत असता तर आमच्या शेजारणीने खोली कधीच रिकामी केली असती." दोघंतिघं हसले.

भिंतीपलीकडे बायका उभ्या होत्या. त्यांतून म्हातारी एझा पुढे आली. ती जमातीत कधी बोललेली नव्हती.

"तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली, "आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत. तेच आमचं घर होतं हो. भिंती तर नंतर बांधल्या."

मग कुणी हसलं नाही.

इद्दर उठला. त्याने खांद्यावरची किल्ली काढून हाज्जच्या पुढ्यात चटईवर ठेवली.

"पाहुणा लांब आहे. दार मी उघडलं. दंड मला करा."

"कुठल्या कलमाखाली?" हाज्जने विचारलं. "फळीवर तसं कलम नाही, तुलाच पाठ आहे."

"नाही म्हणून तर करा. माझा दंड झाला की कलम होईल. कलम झालं की ही पोरगी पत्रात चोरी म्हणू शकेल. नाहीतर आपण नुसते रडणारे."

"अरे, चाळीस वर्षांत तुझ्यावर बोट नाही उठलं. शेवटी फळीवर हेच नाव राहील तुझं."

"राहू दे. मला कुठे वाचता येतंय," इद्दर म्हणाला.

चूक अर्धी हाज्जचीही होती, आणि ते त्याला कळत होतं. मग त्याने दंड सांगितला. सणासाठी वाढवलेला मेंढा जमातीच्या जेवणाला, आणि किल्ली सोडायची. अकराव्या फळीच्या तळाशी चार बोटं जागा कोरी होती. मुल्लाने बोरू बुडवला आणि लिहिलं: बघणं, वाचणं, चित्र घेणं हेही उचलणंच आहे, ज्याची नळी त्याला विचारावं, सगळ्यांची गोष्ट सगळ्यांना विचारावी, ठेवलेलं मागितलं तर परत द्यावं. त्याखाली, या कलमाचा पहिला दोषी, इद्दर ऊहम्मू, राखणदार.

किल्ली कुणाला द्यायची यावर फार बोलणं झालं नाही. हाज्ज ती घेऊन स्वतः मुबारकच्या दारी गेला. दार लवकर उघडलं नाही. हाज्ज उभा राहिला.

पत्रासोबत फळीचं चित्र पाठवायचं होतं. तुदा फोन हातात घेऊन काकाकडे आली, काढू का विचारायला. इद्दर म्हणाला, "मला काय विचारतेस? मी आता कोण? जमातीला विचार." ती निघाली आणि घरोघर विचारून आली.

उत्तर यायला हिवाळा उजाडला. संस्थेने कागद सर्वांसाठी बंद केले, आपल्याकडची प्रत मिटवल्याचं लिहून दिलं आणि सगळी चित्रं संगणकाला लावायच्या अंगठ्याएवढ्या एका डबीत घालून परत पाठवली. उस्तादांनी वेगळं पत्र लिहिलं होतं. त्यात त्यांनी माफी मागितली होती. पण वाचलेलं कुणाच्या डोक्यातून मिटत नाही, आणि घळीतल्या त्या कड्यावर अजून काही उगवलेलं नाही.

डबी नळीत घालायची होती. खाचा कापायला मुबारकने इद्दरलाच बोलावलं, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. इद्दर अवघडत वर चढला. नवीन वेळूची नळी घेतली, डबी आत सोडली, मेण लावलं आणि जमातीची म्हणून कडेने गोल खाच कापली. काम झाल्यावर पेटाऱ्यावर एकदा तळवा ठेवला आणि तो दारापाशी आला.

मुबारक किल्ली खांद्यावर घेऊन उभा होता. म्हाताऱ्याची झडती कशी घ्यायची, म्हणून त्याने नजर बाजूला वळवली होती.

इद्दर उंबऱ्यावर थांबला. आधी तुदाने दिलेला फोन खिशातून काढून त्याने मुबारकच्या हातात ठेवला. मग दोन्ही हात पुढे केले आणि बाह्या झटकल्या.

"बघ नीट," तो म्हणाला. "सगळ्यांचं बघतोस तसं."

मुबारकने बघितलं. मग तो दारातून बाजूला झाला.